'लाइट क्रस्ट डोबॉइज'ची अखेर केवळ दूरचित्रवाणीमुळे झाली नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अलीकडेच अमेरिकेतील कंट्री संगीत आणि रेडिओ यांच्या नात्यावर एक लेख प्रसिद्ध झाला. टेक्सस राज्यातील फोर्ट वर्थ शहराच्या 'लाइट क्रस्ट डोबॉइज' या बँडची हकीकत त्यात तीन वाक्यांत आटोपली आहे : बॉब विल्स यांनी हा बँड उभा केला, तो रेडिओवर अफाट लोकप्रिय झाला आणि १९५०च्या सुमारास दूरचित्रवाणी आल्यावर तो बंद पडला. या वाक्यांपैकी एकही धादांत खोटे नाही. तरीही ती एकापाठोपाठ वाचली की मनात जे चित्र उभे राहते ते चुकीचे आहे, कारण या बँडच्या उदयाचे आणि ऱ्हासाचे खरे कारण त्या तिन्ही वाक्यांतून निसटले आहे. हा बँड एका पिठाच्या गिरणीच्या मालकीचा होता, आणि ही बाब बाजूला ठेवली तर बाकीच्या तपशिलांचा अर्थ लागत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या नादापायी मी अनेक वर्षे या बँडच्या मागावर आहे. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

प्रथम नावाविषयी. 'लाइट क्रस्ट' हे 'बरस मिल अँड एलिव्हेटर कंपनी'च्या पिठाचे, आपल्या भाषेत मैद्याचे, व्यापारी नाव होते. त्या काळात टेक्ससमधील घराघरांत रोज बिस्किटे भाजली जात. आपण चहाबरोबर खातो ती ही बिस्किटे नव्हेत. लहान पावासारखा, वरून खरपूस आणि आतून लुसलुशीत असा तो पदार्थ असतो, आणि त्याचा वरचा पापुद्रा हलका होणे हे चांगल्या पिठाचे लक्षण मानले जाते. 'डो' म्हणजे मळलेले पीठ. शिवाय पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या अमेरिकी सैनिकांना 'डोबॉइज' म्हटले जात असल्याने या नावाला आपोआप दुसराही अर्थ चिकटला. थोडक्यात, बँडचे नाव उच्चारले की पिठाची जाहिरात होत होती. मंदीच्या त्या वर्षांत कापडी पोत्यांतून पीठ घरी येई, पोते रिकामे झाले की आया ते उसवून धुऊन मुलांचे कपडे शिवत. ज्या घरात पैसा जपून खर्च होतो तेथे पुढचे पोते कोणत्या गिरणीचे आणायचे हा प्रश्न लहान नसतो, आणि त्या प्रश्नावर रेडिओवरून प्रभाव पाडण्यासाठीच हा बँड होता.

१९२९मध्ये बॉब विल्स फोर्ट वर्थला आले तेव्हा ते फिडल (लोकसंगीतात वाजते ते व्हायोलिन) वाजवत आणि पोटासाठी न्हाव्याचे काम करत. कापसाच्या शेतांत कृष्णवर्णीय मजुरांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले होते, त्यामुळे घराण्यातून आलेल्या फिडलच्या जोडीला ब्लूज हे कृष्णवर्णीयांचे संगीतही त्यांच्या कानात होते. गिटार वाजवणारे हर्मन आर्नस्पायगर त्यांना भेटले आणि १९३०मध्ये एका घरगुती नृत्याच्या कार्यक्रमात मिल्टन ब्राउन या गायकाची गाठ पडली. आपल्या लेखात ज्यांचे नावही नाही, ते हेच मिल्टन ब्राउन. जॅझ गायकाची मोकळीक आणि शब्दांचा स्वच्छ उच्चार त्यांच्यापाशी होता. फिडल, गिटार आणि हा आवाज एकत्र आले तेव्हा पुढे ज्याला 'वेस्टर्न स्विंग' म्हटले गेले त्या संगीताची पहिली खूण उमटली. ती एकट्या विल्स यांची निर्मिती नव्हती.

सुरुवातीला एका दिव्यांच्या कंपनीने पुरस्कृत केलेल्या कार्यक्रमात ते 'अलादीन लॅडीज' या नावाने वाजवत. नंतर जानेवारी १९३१मध्ये केएफजेझेड या केंद्रावरून बरस गिरणीच्या खर्चाने 'लाइट क्रस्ट डोबॉइज'चे प्रक्षेपण सुरू झाले. दोनच आठवड्यांत गिरणीचे व्यवस्थापक डब्ल्यू. ली ओ'डॅनियल यांनी ते बंद केले, कारण हे 'हिलबिली', म्हणजे गावंढळ, संगीत त्यांना मुळीच रुचत नव्हते. पण श्रोत्यांची पत्रे येत राहिली आणि विल्स यांनी व्यवस्थापकांचा पिच्छा सोडला नाही. अखेर ओ'डॅनियल यांनी बँडला परत घेतले ते एका अटीवर : वादकांनी गिरणीत इतर कामगारांसारखे काम करायचे. त्यानुसार विल्स मालमोटार चालवत, आर्नस्पायगर पिठाची पोती भरत आणि ब्राउन विक्रीचे काम करत.

हे दृश्य मी अनेकदा डोळ्यांसमोर आणून पाहिले आहे. अंगावर पिठाचा पांढरा थर, पोती उचलून आखडलेली बोटे, आणि त्याच बोटांनी गिटारच्या तारा दाबायच्या. काही आठवड्यांनी त्यांची गिरणीतील कामातून सुटका झाली. त्याऐवजी दिवसाचे आठ तास सरावासाठी दिले गेले, म्हणजे संगीताचीही गिरणीच्या पाळीसारखी हजेरी लागू लागली. याचा एक फायदा मान्य केला पाहिजे. मंदीच्या काळात रोज आठ तास एकत्र सराव करण्याची सोय असलेले बँड फार थोडे असतील, आणि या बँडच्या सफाईमागे तो सराव आहे. पण त्या सरावाचे वेतन पीठ देत होते, ही गोष्ट ना ओ'डॅनियल विसरले ना गिरणी.

ज्या ओ'डॅनियल यांनी बँड बंद केला होता तेच पुढे त्याचे निवेदक झाले. कार्यक्रम डब्ल्यूबीएपी या मोठ्या केंद्राकडे गेला, नंतर 'टेक्सस क्वालिटी नेटवर्क' या साखळीतून राज्यभर ऐकू जाऊ लागला आणि दुपारी साडेबाराची वेळ त्याच्या नावाशी जोडली गेली. ही वेळ विचारपूर्वक साधलेली होती. शेतावरचे लोक त्या वेळी घरी जेवायला येत, स्वयंपाकघरात बिस्किटे भाजून झालेली असत आणि घरातला एकुलता रेडिओ सगळ्यांच्या कानावर पडत असे. ओ'डॅनियल यांचा आवाज समजूतदार आणि धीराचा होता. ते आईविषयी कविता वाचत, वडीलधाऱ्यांविषयी चार शब्द बोलत आणि ओघातच पिठाचे नाव घेत. लोकांना तो आवाज घरचा वाटू लागला. पुढे १९३५मध्ये गिरणीतून बाहेर पडल्यावर त्यांनी 'हिलबिली फ्लोअर' हे स्वतःचे पीठ आणि त्यासाठी नवा बँड काढला, १९३८च्या निवडणुकीत ते टेक्ससचे गव्हर्नर झाले आणि १९४१मध्ये सिनेटच्या पोटनिवडणुकीत त्यांनी लिंडन जॉन्सन यांना १,३११ मतांनी हरवले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाला हरवणाऱ्या या राजकारण्याची पहिली शिदोरी पिठाच्या जाहिरातीतून मिळाली होती. ही हकीकत स्वतंत्र लेखाची आहे. मी तिचा उल्लेख केवळ एवढ्यासाठी करतो की बँडच्या लोकप्रियतेतून सर्वांत मोठा लाभ ज्याला झाला तो वादक नव्हता.

९ फेब्रुवारी १९३२ रोजी डॅलस येथे व्हिक्टर कंपनीने या बँडची एक ध्वनिमुद्रिका केली. तिच्यावर बँडचे नाव 'फोर्ट वर्थ डोबॉइज' असे छापले आहे. विल्स यांचे फिडल आणि मिल्टन ब्राउन यांचा आवाज एकाच डोबॉइज तबकडीवर ऐकायचा असेल तर एवढ्या दोनच बाजू उपलब्ध आहेत. मी त्या असंख्य वेळा ऐकल्या आहेत. खरखरीच्या पडद्यामागून गिटारची लय येते, ती नाचणाऱ्यांच्या पायांसाठी बांधलेली आहे हे पहिल्या काही मात्रांतच कळते. फिडल सुरांना किंचित खालून भिडते आणि ब्राउन गाऊ लागले की शेतावरच्या घरातून आपण एकदम शहरातल्या नृत्यगृहात येऊन पोहोचतो. या दोहोंपैकी एक गाणे 'फेमस होकम बॉइज' या कृष्णवर्णीय कलाकारांच्या संचाने १९३०मध्ये मुद्रित केलेले होते. डोबॉइजच्या रोजच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीची धूनही याच संचाच्या दुसऱ्या एका गाण्यावरून घेतलेली होती. बिग बिल ब्रून्झी यांच्यासारखे कलावंत त्या संचात होते. ज्या चालीवर लाखो घरांत पिठाचे नाव पोहोचले त्या चालीचे मूळ आपल्या लेखात आले असते तर मला मनापासून समाधान वाटले असते.

आता ऱ्हासाकडे वळतो. तो दूरचित्रवाणीच्या सुमारे अठरा वर्षे आधी, सप्टेंबर १९३२मध्ये सुरू झाला, असे माझे मत आहे. त्या महिन्यात मिल्टन ब्राउन बँड सोडून गेले. ओ'डॅनियल यांनी वादकांना नृत्याच्या कार्यक्रमांत वाजवण्यास बंदी केली होती. नृत्यगृहात दारू असे, भांडणे होत, आणि गृहिणींना पीठ विकणाऱ्या बँडने तेथे दिसू नये, हा व्यवस्थापकाचा हिशेब त्याच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. वादकांचा हिशेब वेगळा होता. फोर्ट वर्थजवळच्या क्रिस्टल स्प्रिंग्ज नृत्यगृहात लोक तिकीट काढून येत आणि तो पैसा वादकांच्या हाती पडे. शिवाय हे संगीतच मुळी नृत्यासाठी होते, समोर नाचणारे लोक नसतील तर कोणती लय कुठे सैल सोडायची आणि कुठे आवळायची हे वादकाला कळायचे कसे? वेतनाचा प्रश्नही होताच. ब्राउन यांनी 'म्युझिकल ब्राउनीज' हा स्वतःचा बँड काढला, क्रिस्टल स्प्रिंग्जमध्येच मुक्काम ठोकला आणि पियानो, दोन फिडल व बॉब डन यांची विजेवर चालणारी स्टील गिटार घेऊन जे संगीत केले ते आजही ताजे वाटते. १९३५च्या सुरुवातीला डेक्का कंपनीसाठी केलेल्या मुद्रणात डन यांनी ती गिटार वाजवली. कंट्री संगीतात विजेच्या गिटारचे ते पहिले मुद्रण मानले जाते. १३ एप्रिल १९३६ रोजी ब्राउन यांच्या मोटारीला अपघात झाला आणि १८ एप्रिलला ते गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ होते. जे अकाली जातात त्यांच्या श्रेयाची नोंद मागे राहिलेल्यांच्या नावावर होते, आणि आपल्या लेखातही तेच झाले आहे.

ब्राउन यांच्या जागी विल्स यांनी ६७ जणांना ऐकून टॉमी डंकन यांची निवड केली. ती निवड किती अचूक होती हे पुढच्या पंधरा वर्षांनी दाखवले. पण ऑगस्ट १९३३मध्ये ओ'डॅनियल यांनी विल्स यांनाच काढून टाकले. विल्स दारूच्या आहारी जाऊन प्रक्षेपणे चुकवत, ही वस्तुस्थिती आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. आर्नस्पायगर त्याआधीच गेले होते. म्हणजे पहिल्या प्रक्षेपणानंतर अडीच-पावणेतीन वर्षांच्या आत मूळ तिघांपैकी एकही जण बँडमध्ये उरला नव्हता. तरीही दुपारी ठरल्या वेळी तीच धून वाजत होती आणि तेच नाव पुकारले जात होते.

नावाची मालकी किती पक्की होती ते पुढच्या घटनांवरून कळते. विल्स डंकन यांच्यासह टेक्ससमधीलच वेको येथे गेले आणि आपल्या नव्या बँडच्या जाहिरातीत 'पूर्वीचे लाइट क्रस्ट डोबॉइज' अशा अर्थाचे शब्द वापरू लागले. त्यावर गिरणीने १०,००० डॉलरच्या नुकसानभरपाईसाठी खटला भरला. निकाल विल्स यांच्या बाजूने लागला. त्यानंतर विल्स ओक्लाहोमा सिटीच्या केंद्रावर पोहोचले, तेव्हा ओ'डॅनियल यांनी त्या केंद्राला डोबॉइजचा कार्यक्रम देऊ करून विल्स यांना तेथून हलवले. फेब्रुवारी १९३४मध्ये ओक्लाहोमातल्याच टल्सा येथील केव्हीओओ केंद्राने मात्र दबाव मानला नाही आणि 'टेक्सस प्लेबॉइज' या विल्स यांच्या नव्या बँडला तेथे कायमचा आसरा मिळाला. विल्स यांनी तेथे काय केले पाहा : दुपारचाच कार्यक्रम, जुन्या धूनवर बसवलेले नवे शब्द, आणि कालांतराने 'प्लेबॉय' नावाचे पीठ. गिरणीने शिकवलेला धडा त्यांनी पूर्ण गिरवला, फक्त या वेळी नाव वादकाचे होते. संध्याकाळी नृत्याचे कार्यक्रम करायला त्यांना कोणाचीही आडकाठी नव्हती.

येथे मला एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे, कारण ती माझ्याच मांडणीच्या विरोधात जाते. संस्थापक गेल्यानंतरचा डोबॉइज बँड वादनाच्या दृष्टीने कमी प्रतीचा नव्हता. १९३५नंतरच्या संचात केनेथ पिट्स यांचे फिडल, झीक कॅम्पबेल यांची गिटार, नॉकी पार्कर यांचा पियानो आणि मार्व्हिन माँटगमरी यांचा बँजो होता. त्यांची मुद्रणे पहिल्या संचापेक्षा अधिक सफाईदार आहेत. कॅम्पबेल यांचे एकेक सुटे स्वर आणि पार्कर यांचा उसळता पियानो ऐकताना मी कित्येकदा विल्स यांना विसरलो आहे. १९३६मध्ये गायक-अभिनेते जीन ऑट्री यांच्या दोन चित्रपटांत हा बँड झळकला, आणि पुढे चाळीसच्या दशकात त्याचा कार्यक्रम दक्षिण आणि नैर्ऋत्य अमेरिकेतील १७० केंद्रांवरून ऐकू येत होता. श्रोत्यांची संख्या हेच माप धरले तर बँडचा खरा उत्कर्ष संस्थापकांच्या गमनानंतरचा आहे. मग मी १९३२ला ऱ्हासाचा आरंभ का म्हणतो? कारण त्या वर्षी हे ठरून गेले की बँडमध्ये जो स्वतःच्या बळावर उभा राहील त्याला बाहेर पडावे लागेल. मागे राहिलेल्या वादकांना रेडिओवर टोपणनावे दिली गेली होती; श्रोते 'झीक', 'अॅबनर', 'बॅशफुल' यांना ओळखत, त्यांच्या खऱ्या नावांना नाही. टोपणनावांत जिव्हाळा असतो, हे मला मान्य आहे. पण ज्याचे खरे नाव श्रोत्याला ठाऊक नाही तो वादक उद्या बदलला तर कोणी विचारणा करत नाही, आणि विल्स प्रकरणात हात पोळल्यानंतर गिरणीला हे सोयीचे होते असे मला वाटते.

१९४२मध्ये युद्धामुळे हा कार्यक्रम थांबला. वादक सैन्यात आणि युद्धकामात गेले. १९४६मध्ये गिरणीने बँड पुन्हा उभा केला तेव्हा पूर्वीची जादू परत आली नाही. हँक थॉम्पसन, स्लिम व्हिटमन अशा पुढे नामवंत ठरलेल्या गायकांनाही घेऊन पाहिले गेले, तरी कार्यक्रम सावरला नाही. दूरचित्रवाणी यायची होती हे खरे. पण त्याच वर्षांत आणखी एक बदल होत होता, ज्याकडे संगीतावर लिहिणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते : घरोघरी बिस्किटे भाजणे कमी होत होते. युद्धानंतर दुकानातला कापलेला पाव आणि तयार मिश्रणांची पाकिटे स्वयंपाकघरात शिरली आणि शेतावरची माणसे शहरांत गेली. गृहिणीने मोठे पोते विकत घ्यावे म्हणून जो बँड होता त्याचे कामच आटत गेले. बॉब विल्स यांचा बँडही त्या काळात अडचणीत आला, पण विल्स यांच्याकडे तिकीट काढून येणारे नाचणारे लोक होते. त्यामुळे ते रेडिओशिवाय वर्षानुवर्षे फिरत राहू शकले आणि १९६८मध्ये 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. डोबॉइजच्या हाती गिरणीने सोपवलेले नाव तेवढे होते. गिरणीने हात आखडता घेतल्यावर दुपारचा तो कार्यक्रम संपला.

म्हणून 'दूरचित्रवाणी आल्यावर बँड बंद पडला' या वाक्याशी मी असहमत आहे. ज्या बँडचे कमावते हात अठरा वर्षांपूर्वी नृत्यबंदीपायी दुरावले, ज्याचे नाव वादकांचे नव्हते आणि ज्याची मिळकत एका पदार्थाच्या खपाशी बांधलेली होती, त्याच्यावर दूरचित्रवाणीने केवळ शेवटचा घाव घातला. बँजोवादक माँटगमरी यांनी मात्र हे नाव सोडले नाही. गिरणीचा कार्यक्रम बंद झाल्यावरही डोबॉइज म्हणून कार्यक्रम होत राहिले आणि १९३५मध्ये बँडमध्ये आलेले हे गृहस्थ २००१मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्याशी जोडलेले होते. गिरणीच्या मालकीचे नाव अखेर एका वादकाकडे आले ते असे.

आपल्या पुरवणीचे वाचक जुने अंक जपून ठेवतात, त्यामुळे चुकीचे श्रेय एकदा छापले गेले की ते वर्षानुवर्षे उद्धृत होत राहते. आपण संपूर्ण पत्र छापू शकला नाहीत तरी माझी तक्रार नाही. पण पुढील रविवारच्या अंकात एका ओळीचा खुलासा अवश्य द्यावा, ही कळकळीची विनंती : 'लाइट क्रस्ट डोबॉइजचे पहिले गायक मिल्टन ब्राउन होते, मूळ लेखात त्यांचा उल्लेख राहून गेला.'

आपला नम्र,
एक नियमित वाचक, सातारा